डेनाली राष्ट्रीय उद्यान: आधी स्लेजचे कुत्रे, मग टंड्राची बस

अलास्कातील डेनालीला जायचे ठरवणाऱ्या प्रत्येकाला मी एकच आग्रहाची सूचना करते, ती म्हणजे उद्यानात पोहोचल्यावर पहिला कार्यक्रम स्लेज म्हणजे बर्फावरची गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांच्या केनेलचा, म्हणजे वसतिस्थानाचा, ठेवावा आणि वन्यप्राणी दाखवणारी बस दुसऱ्या दिवशी घ्यावी. बहुतेक प्रवासी उलटे करतात. अस्वल, लांडगा आणि पर्वत यांच्या ओढीने ते आल्या आल्या बस गाठतात आणि निघण्यापूर्वी तासभर उरला तर मुलांसाठी म्हणून केनेलकडे डोकावतात. परंतु साडेचोवीस हजार चौरस किलोमीटरच्या, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या जवळजवळ दीडपट विस्ताराच्या या उद्यानात रस्ता एकच का आहे, त्यावर स्वतःची गाडी का नेऊ देत नाहीत आणि हिवाळ्यात रेंजर, म्हणजे उद्यानाचे रक्षक, अजूनही कुत्र्यांच्या गाडीवरून गस्त का घालतात, या प्रश्नांची उत्तरे केनेलमध्ये मिळतात. ती मिळाल्यानंतर बसच्या खिडकीतून दिसणारे ओसाड खोरे ओसाड वाटत नाही.

अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांपैकी स्लेजचे कुत्रे पाळून त्यांच्याकडून प्रत्यक्ष काम करून घेणारे हे एकमेव उद्यान आहे. २६ फेब्रुवारी १९१७ रोजी ते कायद्याने अस्तित्वात आले. शिकारी आणि निसर्गअभ्यासक चार्ल्स शेल्डन याने १९०७-०८ चा हिवाळा येथील एका लाकडी झोपडीत काढला होता. खाणकामगारांना मांस पुरवणाऱ्या शिकाऱ्यांच्या हातून येथील पांढऱ्या डॉल मेंढ्या संपून जातील, ही त्याची काळजी उद्यानाच्या मुळाशी आहे. कायदा झाला तरी पहिली चार वर्षे राखण करायला माणूस नव्हता. १९२१ मध्ये हॅरी कार्स्टन्स हा पहिला अधीक्षक नेमला गेला. तो पूर्वी कुत्र्यांच्या गाडीवरून टपाल पोहोचवत असे आणि १९१३ मध्ये डेनालीच्या शिखरावर सर्वप्रथम पोहोचलेल्या चौघांपैकी एक होता. १९२२ मध्ये त्याने चोरट्या शिकाऱ्यांवर नजर ठेवण्यासाठी सात कुत्रे विकत घेतले. आजचे केनेल म्हणजे त्याच कामाची परंपरा आहे.

नावाबद्दलही येथेच सांगून टाकते, कारण नकाशे पाहताना गोंधळ होतो. डेनाली हे येथील पर्वताला कोयुकॉन अथाबास्कन या मूळनिवासी लोकांनी दिलेले नाव असून त्याचा अर्थ ‘उंच असलेला’ असा होतो. पर्वताची उंची ६,१९० मीटर आहे. उद्यानाचे ‘माउंट मॅकिन्ली’ हे नाव बदलून १९८० मध्ये डेनाली झाले आणि पर्वताचे २०१५ मध्ये. जानेवारी २०२५ मधील राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने केंद्र सरकारच्या नोंदीत पर्वत पुन्हा ‘मॅकिन्ली’ झाला असला तरी उद्यान डेनालीच आहे आणि अलास्कात लोक पर्वतालाही डेनालीच म्हणतात.

कधी जावे

उद्यानाच्या बस साधारण २० मेपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत धावतात आणि भारतातून किंवा अमेरिकेच्या इतर राज्यांतून जाणाऱ्या कुटुंबांनी याच काळात जावे. मेच्या शेवटी बर्फ वितळलेला असतो, पण झुडपे अजून पालवलेली नसतात, त्यामुळे प्राणी लांबूनही दिसतात आणि गर्दी कमी असते. जूनमध्ये दिवस वीस तासांहून मोठा असतो, अंधार असा पडतच नाही. मात्र जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत डासांचा उपद्रव फार असतो. लहान मुले बरोबर असतील तर डोक्यावरून घ्यायची जाळी अवश्य ठेवावी, नुसते मलम पुरत नाही.

माझी पसंती विचाराल तर ऑगस्टचा शेवटचा आठवडा. त्या दिवसांत टंड्रा, म्हणजे येथील झाडे नसलेला थंड, उघडा माळ, लाल, नारिंगी आणि जांभळा होतो, ब्लूबेरी पिकलेल्या असतात, डास जवळपास संपलेले असतात आणि हिवाळ्याआधी अंगावर चरबी चढवण्यासाठी अस्वले दिवसभर उघड्यावर फळे खात हिंडतात. तोटा इतकाच की पाऊस जास्त पडतो आणि कधी कधी सकाळी उठून पाहावे तर आसपासच्या डोंगरांवर ताजा बर्फ असतो. या उद्यानात बर्फ कोणत्याही महिन्यात पडू शकतो. उन्हाळ्यातील तापमान एकाच दिवसात शून्याजवळून वीस-बावीस अंशांपर्यंत जाऊ शकते, म्हणून एकच जाड कोट नेण्यापेक्षा एकावर एक घालता येतील असे तीन थर न्यावेत: आत घाम शोषणारा, मध्ये लोकरीचा किंवा फ्लीसचा आणि वरून पाऊस व वारा अडवणारा. सुती जीन्स एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही.

आरक्षण कोणत्या क्रमाने करावे

भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांना अमेरिकेचा पर्यटक व्हिसा लागतो आणि त्याच्या मुलाखतीची तारीख मिळायला अनेकदा महिनोन्महिने जातात, त्यामुळे व्हिसा हातात आल्याशिवाय पुढचे पैसे भरू नयेत. व्हिसा असेल किंवा तुम्ही अमेरिकेतच राहत असाल तर पहिले आरक्षण बसचे करावे, दुसरे मुक्कामाचे आणि तिसरे विमानाचे किंवा रेल्वेचे. बसची आरक्षणे आदल्या वर्षीच्या १ डिसेंबरच्या सुमारास खुली होतात. बसच्या सोयीच्या वेळा आधी भरतात, खोल्या त्यानंतर.

रस्त्याची सद्यःस्थिती समजून घेतल्याशिवाय बस निवडू नये. उद्यानाचा रस्ता ९२ मैलांचा, म्हणजे सुमारे १४८ किलोमीटरचा आहे. येथे सगळी ठिकाणे मैलांच्या आकड्यांनीच ओळखली जातात, त्यामुळे मीही पुढे तसेच लिहिते. पहिले १५ मैल, सॅव्हेज नदीपर्यंत, रस्ता डांबरी आहे आणि उन्हाळ्यात तेथवर आपली गाडी नेता येते. त्यापुढे मातीचा रस्ता लागतो आणि त्यावर बसखेरीज कोणालाही सहसा जाता येत नाही. १९७२ मध्ये नवा महामार्ग झाल्यामुळे गाड्यांची रीघ लागणार हे दिसताच उद्यानाने ही बसपद्धत सुरू केली आणि आज रस्त्याच्या कडेला अस्वल निवांत चरताना दिसते याचे मोठे श्रेय त्या निर्णयाला आहे.

मात्र ४५ व्या मैलाजवळ ‘प्रिटी रॉक्स’ नावाच्या ठिकाणी डोंगराची कूस आतला गोठलेला थर वितळू लागल्याने सरकते आहे. २०१४ पूर्वी हे सरकणे वर्षाला काही इंच होते. २०२१ मध्ये ते तासाला अर्ध्या इंचाहून अधिक झाले आणि त्या ऑगस्टमध्ये रस्ता बंद करावा लागला. तेव्हापासून बस ४३ व्या मैलावरील ईस्ट फोर्क नदीपर्यंतच जातात आणि सरकत्या भागावरून पूल बांधण्याचे काम हाती घेतले आहे. जुन्या प्रवासवर्णनांत आयल्सन, वंडर लेक आणि कांतिष्ना या पुढच्या ठिकाणांचे वर्णन वाचून अनेक जण त्याच अपेक्षेने येतात आणि हिरमुसतात. तुमच्या तारखांना बस कोठवर जाते हे उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहूनच तिकीट काढावे.

बस दोन प्रकारच्या आहेत. फिकट तपकिरी रंगाच्या बसमध्ये चालक शिकवल्याप्रमाणे सविस्तर माहिती सांगतो, अल्पोपाहार मिळतो आणि त्याच बसने परत यावे लागते. हिरव्या बसचे तिकीट बरेच स्वस्त असते, माहिती सांगणे चालकाच्या मर्जीवर असते, पण वाटेत कोठेही उतरून चालता येते आणि जागा असेल त्या पुढच्या हिरव्या बसला हात करून परत चढता येते. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी तपकिरी बस ठीक आहे. बाकी सर्वांनी हिरवी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ईस्ट फोर्कपर्यंत जाऊन येण्यास साधारण साडेचार ते पाच तास लागतात. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना हिरव्या बसचे भाडे नाही, पण लहान मुलांसाठी गाडीतील बालआसन सक्तीचे असून ते आपणच न्यावे लागते. ते नसेल तर तिकीट असूनही मुलाला बसमध्ये चढू देत नाहीत. सोळा वर्षे किंवा त्याहून मोठ्या प्रत्येकाला उद्यानाचे प्रवेशशुल्कही भरावे लागते आणि ते बसच्या तिकिटाबरोबरच भरता येते.

पोहोचणे आणि राहणे

अँकरेजहून उद्यानाचे प्रवेशद्वार सुमारे ३८० किलोमीटर, फेअरबँक्सहून सुमारे १९५ किलोमीटर. दोन्ही शहरे एकाच महामार्गाने जोडलेली आहेत. वाहन चालवायचे नसेल तर अलास्का रेलरोडची ‘डेनाली स्टार’ ही उन्हाळी गाडी अँकरेजहून साडेसात-आठ तासांत आणि फेअरबँक्सहून चार तासांत उद्यानात पोहोचवते. स्थानक प्रवेशद्वाराच्या आतच आहे. तेथून उद्यानाच्या मोफत बस असल्याने गाडीवाचून काही अडत नाही. मी एका बाजूने रेल्वेने जाऊन दुसऱ्या बाजूने मोटारीने परतण्याचा सल्ला देते.

मुक्कामासाठी तीन पर्याय आहेत. प्रवेशद्वाराबाहेरच्या घळीतील हॉटेले सोयीची आणि महाग आहेत. अकरा मैल उत्तरेला हीली हे गाव आहे, तेथे दर उतरतात आणि पेट्रोलही मिळते. तंबूची सवय असेल तर उद्यानातील रायली क्रीक तळ प्रवेशद्वाराशीच आहे, तर २९ व्या मैलावरील टेक्लानिका तळावर स्वतःच्या वाहनाने जायची परवानगी मिळते, मात्र तेथे किमान तीन रात्री राहण्याची अट आहे. निदान दोन पूर्ण दिवस आणि तीन रात्री हाताशी असाव्यात. एका दिवसात उरकणाऱ्यांना ढगाळ हवेत एक लांब बसप्रवास एवढेच मिळण्याची शक्यता जास्त.

शाकाहारी मंडळींनी खाण्याची तजवीज अँकरेज किंवा फेअरबँक्समध्येच करावी. प्रवेशद्वाराजवळच्या उपाहारगृहांत पिझ्झा, सॅलड आणि बटाटे यांपलीकडे फारसे काही मिळत नाही आणि एकदा बस आत शिरली की खाण्याचे दुकानच नाही. थेपले, दशम्या, चटणी आणि सुका मेवा उत्तम टिकतो. भारतातून खाद्यपदार्थ नेताना ताजी फळे व मांस नेऊ नये आणि जे नेले असेल ते सीमाशुल्क तपासणीत जाहीर करावे.

पहिला दिवस: केनेल

केनेल उद्यानाच्या मुख्यालयाशी, साधारण साडेतिसऱ्या मैलावर आहे. तेथे प्रवाशांच्या गाड्या उभ्या करायला जागा नाही, म्हणून अभ्यागत केंद्राच्या थांब्यावरून सुटणाऱ्या मोफत बसनेच जावे लागते. गेली अनेक वर्षे भर हंगामात प्रात्यक्षिक सकाळी दहा, दुपारी दोन आणि चार अशा तीन वेळा होत आले आहे. बस त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी सुटते आणि दोनच्या प्रात्यक्षिकाला फार गर्दी होते, म्हणून दहाचे गाठावे. सकाळचा गारवा कुत्र्यांनाही मानवतो. त्यासाठी वेगळे तिकीट लागत नाही. आपला पाळीव कुत्रा तेथे नेता येत नाही आणि कुत्र्यांना काहीही खायला घालू नये.

बस पोहोचल्यावर प्रात्यक्षिकाला थोडा अवधी असतो आणि तोच माझ्या मते सर्वांत मोलाचा आहे. लाकडी घरकुलांच्या ओळींमधून फिरता येते. कित्येक कुत्रे घराच्या छपरावर बसलेले असतात. जवळ जाण्यापूर्वी रेंजरला विचारावे, कारण काही कुत्र्यांना परक्यांचा स्पर्श आवडतो, काहींना नको असतो आणि तशी सूचना लावलेली असते. परवानगी असेल तर समोरून, हळू, हात खाली ठेवून जावे. डोक्यावरून हात आणू नये.

हे अलास्कन हस्की आहेत. चित्रांतल्या निळ्या डोळ्यांच्या, भरदार सायबेरियन हस्कीची अपेक्षा ठेवून गेलेल्यांना ते प्रथम साधे वाटतात: कोणी काळा, कोणी पिवळट, कोणाचा एक कान पडलेला. रूपासाठी नव्हे तर कामासाठी पैदास केलेली ही जात आहे आणि तिची लक्षणे जवळून पाहण्याजोगी आहेत. पाय लांब, कारण न तुडवलेल्या खोल बर्फात वाट पाडायची असते. पंजा घट्ट मिटलेला, म्हणजे बोटांच्या मध्ये बर्फाचे गोळे साचत नाहीत. हातांनी केस बाजूला केले तर वर राठ केसांचा थर आणि खाली कापसासारखी दाट लव दिसते. शेपूट झुपकेदार, कारण उघड्यावर झोपताना कुत्रा गोल वेटोळे करून ती नाकावर ओढून घेतो. शर्यतीचे कुत्रे यांच्यापेक्षा हलके आणि वेगवान असतात. उद्यानाचे कुत्रे ओझे ओढणारे आहेत.

मग रेंजर हाताशी पट्टे घेऊन येते आणि पुढची दोन मिनिटे जन्मभर लक्षात राहतात. पट्ट्यांची कडी वाजताच सगळे केनेल एकदम उठते. जोडले जाणारे पाच कुत्रे उड्या मारतात, न निवडले गेलेले पंचवीस त्याहून जोरात भुंकतात, आणि कुत्र्याचे पुढचे पाय उचलून त्याला दोन पायांवर चालवत न्यावे लागते, कारण चारही पाय जमिनीवर असलेला कुत्रा माणसाला फरफटत नेतो. चाके लावलेली गाडी खुंट्याला बांधलेली असूनही हिसके बसत असतात. दोर सुटतो, आणि त्या क्षणी भुंकणे थांबते. खडीवर पंजांचा आणि धापांचा आवाज तेवढा राहतो. कुत्र्यांना ओढायला भाग पाडतात की काय, अशी शंका मनात घेऊन मी गेले होते. ती त्या शांततेत गेली.

या वेळी मांडणीकडे लक्ष द्यावे. सर्वांत पुढचा ‘लीड’ कुत्रा आज्ञा ऐकतो आणि वाट शोधतो. गाडीला लागून असलेले ‘व्हील’ कुत्रे सर्वांत बळकट असतात, कारण वळणावर ओझ्याचा झटका त्यांच्यावर येतो. लगाम नसतोच. ‘जी’ म्हणजे उजवीकडे, ‘हॉ’ म्हणजे डावीकडे, ‘ऑन बाय’ म्हणजे वाटेतल्या गोष्टीकडे न पाहता पुढे चला. सगळे आवाजावर चालते.

त्यानंतर रेंजर जे सांगते ते काळजीपूर्वक ऐकावे. उद्यानाचा जुना गाभा, सुमारे वीस लाख एकर, कायद्याने निखळ रानप्रदेश म्हणून राखलेला आहे आणि तेथे इंजिनाला सहसा मज्जाव आहे. हिवाळ्यात, उणे चाळीस अंशांपर्यंत उतरणाऱ्या थंडीत, रेंजर कुत्र्यांसह कित्येक दिवस गस्तीवर असतात. ते जुन्या लाकडी चौक्यांपर्यंत सामान पोहोचवतात, शास्त्रज्ञांची उपकरणे नेतात, जुना कचरा बाहेर आणतात आणि स्कीवरून येणाऱ्यांसाठी वाट तुडवतात. गोठलेल्या यंत्राला सुरू होण्याची विनवणी करावी लागते, कुत्र्याला नाही. नदीवरचा बर्फ पातळ झालेला अनुभवी लीड कुत्र्याला पंजाखाली कळतो. साधारण नऊ वर्षांचा झाला की कुत्रा निवृत्त होतो आणि त्याला घरी नेऊ इच्छिणाऱ्यांकडून अर्ज मागवले जातात. त्यात रोज भरपूर व्यायाम देणारे घर आणि थंड हवामान यांना महत्त्व असते.

उरलेल्या दिवसात अभ्यागत केंद्रापासून हॉर्सशू लेकपर्यंत चालून यावे. उतार-चढ बेताचा आहे आणि बीव्हर या कुरतडणाऱ्या पाणप्राण्याने बांधलेले बांध दिसतात.

दुसरा दिवस: बस आणि प्राणी

शक्यतो पहाटेची बस घ्यावी. बसमध्ये स्वच्छतागृह नसते. वाटेतला मुख्य थांबा ३० व्या मैलावर टेक्लानिकाला असतो. सासूबाईंना बरोबर नेताना मला याचीच धास्ती होती, पण थांब्यांचे अंतर सुसह्य निघाले. पाणी, डबा, दुर्बीण आणि पावसाचा कोट मांडीवरच्या पिशवीत ठेवावा. दुर्बीण माणशी एक असावी, निदान दोघांत एक. ८ x ४२ मापाची सर्वांत उपयोगी. मोबाईलचे नेटवर्क पहिल्या काही मैलांतच संपते.

ताडोबाला जाणाऱ्यांनी मनाची थोडी तयारी बदलावी. तेथे जिप्सीपासून वीस मीटरवर वाघ पाहिलेला असतो. येथे अस्वल अर्ध्या किलोमीटरवर, समोरच्या उतारावर एका फिकट ठिपक्याएवढे दिसू शकते. कधी ते रस्त्यावरूनही चालत येते, पण तो योगायोग. उलट येथे झाडीचा आडपडदा नाही, त्यामुळे एकदा दिसलेला प्राणी अर्धा तास डोळ्यांसमोर राहतो, आणि तो काय करतो ते पाहता येते. मुलांना हे आधी समजावून सांगावे.

शोधण्याची रीत अशी. चालक रस्त्यावर लक्ष ठेवतो, प्राणी शोधायचे काम चाळीस प्रवाशांचे असते. काही दिसले की ‘स्टॉप’ म्हणून हाक द्यायची आणि घड्याळाच्या काट्यांप्रमाणे दिशा सांगायची: समोर बारा, उजवीकडे तीन, डावीकडे नऊ. बस थांबली की आवाज एकदम खाली आणायचा आणि खिडकीबाहेर हात काढायचा नाही. चुकून दगडालाच अस्वल समजून बस थांबवली तरी कोणी रागावत नाही.

पहिल्या पंधरा मैलांत, विशेषतः विलोच्या झुडपांत, मूस पाहावे. खांद्याशी माणसापेक्षा उंच असणारा हा हरणांच्या कुळातील सर्वांत मोठा प्राणी आहे. सप्टेंबरमध्ये नर माजावर असतात आणि त्यांच्या आसपास पायी फिरकू नये. इग्लू खिंडीत, ३४ व्या मैलाच्या आगेमागे, कड्यांवरचे पांढरे ठिपके न्याहाळावेत. बर्फाचा तुकडा जागचा हलत नाही, डॉल मेंढी हलते. शेल्डनने ज्यांच्यासाठी हे उद्यान मागितले त्या याच मेंढ्या. पुढे ३८ ते ४२ व्या मैलांदरम्यान सेबल खिंड लागते. हा भाग अस्वलांसाठी राखून ठेवलेला असून रस्ता सोडून पायी जायला तेथे बंदी आहे. टंड्रातील ग्रिझली किनाऱ्यावरच्या मासेखाऊ अस्वलांपेक्षा लहान आणि पुष्कळदा वाळल्या गवताच्या रंगाची असते. खांद्यावरचा उंचवटा ही तिची खूण. ती बहुतेक वेळ मुळे, गवत, फळे आणि खारी यांच्या शोधात असते. नद्यांच्या रुंद, खडीच्या पात्रांत कॅरिबू, म्हणजे रानटी रेनडिअर, दिसतात. लांडगा दिसणे हे नशिबाचे आहे. आम्हाला पहिल्या दिवशी दिसला नाही, दुसऱ्या दिवशी टेक्लानिकाच्या पात्रात एकच, सरळ रेषेत चालत जाणारा, मागे न पाहणारा, तीन-चार मिनिटे दिसला.

मोठ्या प्राण्यांच्या नादात लहानांकडे दुर्लक्ष होते. पिसांचा रंग ऋतूप्रमाणे बदलणारा टार्मिगन हा अलास्काचा राज्यपक्षी थांब्यांजवळ हमखास दिसतो, आणि येथे बेडकाची एकच जात आहे, जी हिवाळ्यात अक्षरशः गोठते व वसंतात पुन्हा हालचाल करू लागते.

हिरव्या बसमधून उतरून चालायचे असेल तर काही नियम जिवाशी निगडित आहेत. अस्वलापासून किमान ३०० यार्ड, म्हणजे सुमारे २७५ मीटर, आणि इतर प्राण्यांपासून किमान २५ यार्ड दूर राहणे बंधनकारक आहे. झुडपांतून जाताना मोठ्याने बोलत राहावे, म्हणजे अस्वल दचकत नाही. अस्वल समोर आलेच तर पळू नये. शांत आवाजात बोलत, तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरकावे. ग्रिझलीने प्रत्यक्ष अंगावर झेप घेऊन स्पर्श केला तर पालथे पडून, मानेवर हात बांधून निश्चल राहावे. मूस मात्र अंगावर आला तर पळावे आणि झाडाच्या आड व्हावे. हा फरक मुलांकडून घोकून घ्यावा. अस्वलांसाठीचा तिखट फवारा विमानात कोणत्याही सामानात चालत नाही, तो अलास्कात आल्यावर घ्यावा आणि पिशवीत न ठेवता कमरेला लावावा. लोणचे, फरसाण, टूथपेस्ट यांचा वास अस्वलाला फार दुरून येतो. तंबूत खाण्याचे काहीही ठेवू नये, तळावरच्या लोखंडी पेट्यांत ठेवावे. माणसाच्या अन्नाची चटक लागलेल्या अस्वलाला पुढे अनेकदा ठार करावे लागते.

टंड्रावर बहुतांश ठिकाणी पायवाटा नाहीत आणि तसे ते मुद्दाम ठेवलेले आहे. एकामागोमाग एक चालू नये, पांगून चालावे, म्हणजे नवी वाट पडत नाही. वरून गालिच्यासारखी दिसणारी जमीन पायाखाली भिजलेल्या गादीसारखी दबते. एक किलोमीटरला अर्धा तास धरावा.

पर्वत दिसला नाही तर

उन्हाळ्यात साधारण तीन दिवसांतून एकदाच डेनाली ढगांतून बाहेर येतो. म्हणूनच त्याच्यावर सगळी सहल टांगू नये, पण संधी वाढवाव्यात. रस्त्यावर नवव्या मैलाच्या सुमारास तो प्रथम दिसतो. तेथवर आपली गाडी नेता येत असल्याने पहाटे आणि रात्री दहानंतरच्या उजेडात एकेक फेरी मारावी. दक्षिणेकडे अँकरेजच्या वाटेवर डेनाली राज्य उद्यानातील, महामार्गाच्या १३५ व्या मैलावरील थांब्यावरून तो अधिक जवळ भासतो, आणि टॉकीट्ना गावाहून लहान विमाने हिमनदीवर उतरवतात. तो खर्च मोठा आहे. हवा स्वच्छ असेल त्याच दिवशी करावा.

हिवाळ्यात जाणाऱ्यांसाठी थोडक्यात: केनेल पाहता येते, मात्र बरेच कुत्रे गस्तीवर गेलेले असू शकतात. रस्ता साधारणपणे मुख्यालयापर्यंतच खुला असतो. स्लेजवर स्वतः बसायचे असेल तर उद्यानाबाहेरचे व्यावसायिक मशर, म्हणजे कुत्र्यांची गाडी हाकणारे, ती सोय करतात, उद्यानाचे कुत्रे प्रवाशांना फिरवत नाहीत.

परतीची वाट

फेअरबँक्सकडे परतत असाल तर वाटेत नेनाना गाव लागते. तेथे जुन्या रेल्वे स्थानकापाशी गाडी थांबवावी. १९२३ च्या जुलैत राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी अलास्का रेल्वेचा सोन्याचा खिळा या गावी ठोकला. दीड वर्षाने, २७ जानेवारी १९२५ च्या रात्री, नोम गावातील घटसर्पाच्या साथीसाठीचे प्रतिविष (अँटिटॉक्सिन) घेऊन गाडी याच स्थानकात आली. पुढे रेल्वे नव्हती. वीस मशर आणि सुमारे दीडशे कुत्र्यांनी हातोहात ती पेटी ६७४ मैल, म्हणजे जवळजवळ १,०८५ किलोमीटर, साडेपाच दिवसांत पोहोचवली. केनेलमध्ये लीड आणि व्हील कोण, हे शिकलेली मुले येथे फलाटावर उभी राहून गाडी कोठून कोठे गेली असेल याचा हिशेब आपणहून करू लागतात. त्यासाठी अर्धा तास राखून ठेवावा.